भिंगानं ऊन वाढत नाही, फक्त एका जागी गोळा होतं

हळद काढणी आली की शिजवायच्या जळणाचा प्रश्न येतोच. यंदा आमच्या भागात एक विक्रेता फिरतोय. वर मोठं भिंग, खाली प्रकाश वाहून नेणाऱ्या प्लास्टिक फायबरची जुडी, ती थेट कुकरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. "ऊन शंभरपट होतं, जळण बंद" असं सांगतो. चार-पाच जण वर्गणी काढून घ्यायच्या विचारात आहेत. मला विचारलं, म्हणून हिशोब मांडतोय.

पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, पण पाणी वाढत नाही. भिंगाचं तसंच आहे. भर दुपारी १ चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. त्यातले सरळ किरण ८०० वॅट धरा. भिंग सरळ किरणच गोळा करतं, ढगातून-धुळीतून विखुरलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही. एका ठिपक्यात दाटी झाली म्हणून तिथं कागद पेटतो, पण युनिट तेवढेच राहतात.

आता गळती बघा. विहिरीपासून शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी कमी होत जातं, तसंच हे. १०० भाग ऊन धरू.

🔸 भिंग: अॅक्रिलिकच्या प्रत्येक बाजूवरून ४ टक्के ऊन परत फिरतं. खाचांचं पातळ भिंग (फ्रेस्नेल) असेल तर खाचांवरही थोडं जातं. उरले ८५.
🔸 जुडी: गोल फायबर कितीही घट्ट बांधा, मधे फटी राहतातच. ९० टक्के जागाच भरते. उरले ७६.
🔸 फायबरची दोन तोंडं: तिथं परत ४-४ टक्के. उरले ७०.
🔸 लांबी: प्लास्टिक फायबरात दर मीटरला साडेचार टक्के प्रकाश मुरतो. १० मीटरनंतर उरले ४४.

हे ४४ सुद्धा दिसणाऱ्या प्रकाशाचे. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्याला न दिसणारी असते. ती प्लास्टिक फायबर फार कमी पुढं जाऊ देतं. आणि आपल्याला तर उष्णताच पाहिजे.

२०० लिटर पाणी २५ अंशावरून उकळीला आणायला साडेसतरा युनिट लागतात. १ चौरस मीटरचं भिंग थेट भांड्यावर धरलं आणि भांड्यातून काहीच उष्णता गेली नाही असं मानलं, तरी २६ तास कडक ऊन पाहिजे. म्हणजे चार दिवस. फायबरमधून नेलं तर वर सांगितलेले ४४ पूर्ण धरूनही ५० तास. तोवर हळद कुजायची.

शिवाय सूर्य ४ मिनिटांत १ अंश सरकतो. दोन मिनिटांत ठिपका स्वतःच्या रुंदीएवढा हलतो आणि फायबरच्या तोंडावरून उतरतो. सूर्यामागं फिरवणारी मोटर नसेल तर सगळंच वाया.

याचा अर्थ ही विद्या खोटी आहे असा नाही. जपानमध्ये केई मोरी यांनी 'हिमावारी' यंत्र केलं. त्यात फ्रेस्नेल भिंगं आणि फायबरमधून इमारतीच्या आत सूर्यप्रकाश नेतात. तिथं उष्णता मुद्दाम गाळतात, कारण उजेड पाहिजे असतो. आणि उन्हावर वाफ करायची तर आपल्याच शिर्डीचा प्रसादालय बघा. २००९ पासून तिथं ७३ शेफलर डिश आहेत, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. म्हणजे जवळजवळ ११७० चौरस मीटर आरसे! भिंग नाही, फायबर नाही. आरशावरून ऊन परतवतात, वाफ तिथंच तयार होते आणि ती पाइपानं स्वयंपाकघरात जाते.

म्हणून वर्गणी काढायच्या आधी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. भिंगाचं क्षेत्रफळ किती? सूर्यामागं फिरतं का? आणि आमच्यासमोर २०० लिटर पाणी किती तासांत उकळून दाखवता? थर्मामीटर आणि घड्याळ आपलं ठेवा.

ज्यांनी उन्हावर पाणी तापवून मोजलंय त्यांनी क्षेत्रफळ, लिटर आणि वेळ इथं लिहा. काढणीच्या आधी सगळ्यांच्या कामी येईल.