हलती वेबसाइट

‘वेबसाइट हलती आहे ना?’ गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचं. हलती म्हणजे फ्लॅशमधली. १९९६ साली आलेलं हे सॉफ्टवेअर आमच्याकडे पोचलं तेव्हा डायल-अपचा जमाना होता; इंट्रो लोड होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. बघणारा ‘स्किप इंट्रो’ दाबायचा, पण गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते त्या इंट्रोचेच.

मला फ्लॅश आवडायचं ते मराठीसाठी. साध्या एचटीएमएलमध्ये मराठी पान केलं, तर वाचणाऱ्याच्या मशीनवर नेमका तोच फॉन्ट हवा. नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. म्हणून तर मराठी साइटवर आधी ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पाटी असायची. फ्लॅशमध्ये ही कटकट नव्हती. मजकूर टाइप करायचा, कंट्रोल-बी दोनदा दाबायचं, की अक्षरं फुटून त्यांचे नुसते आकार उरायचे. मग न्यू जर्सीतल्या मशीनवरही ‘श्री’ तशीच सुबक.

पण ते आकारच. शोधून सापडत नसत, कॉपी होत नसत, अंधांच्या स्क्रीन रीडरला त्यातलं काही वाचता येत नसे. एचटीएमएलमध्ये दुकानाचा फोन नंबर नोटपॅड उघडून कुणीही बदलावा. फ्लॅशमध्ये मूळ फाइल हवी, सॉफ्टवेअर हवं आणि मी हवा. (धंद्याला ते बरंच होतं म्हणा.)

मग युनिकोड रुळला. विंडोजमधला मंगल फॉन्ट मला आजही आवडत नाही. पण त्यात लिहिलेलं ‘दिवाळी अंक’ शोधलं की मिळायचं, आणि माझ्या लेखी तिथंच निकाल लागला. स्टीव्ह जॉब्सनं एप्रिल २०१०मध्ये जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही ते सांगितलं: बॅटरी, सुरक्षितता, बोटानं चालणारा पडदा. ३१ डिसेंबर २०२०ला अडोबीनं फ्लॅश प्लेअर बंद केला. सर्नमधली जगातली पहिली वेबसाइट मात्र आजच्या मोबाइलवरही उघडते. नुसता मजकूर आणि लिंका.

मध्यंतरी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाला दुकानाचा इतिहास नव्या साइटवर घालायचा होता. तो फक्त फ्लॅशमध्येच उरला होता. ‘रफल’ नावाच्या एम्युलेटरवर जुनी फाइल चालवली. अक्षरं लख्ख दिसली. कॉपी होईनात, तेव्हा बघून बघून सगळा मजकूर पुन्हा टाइप केला, युनिकोडमध्ये.