नदीच्या वळणावरच्या गोधड्या

अमेरिकेचा प्रवास म्हटला कीं न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती आणि नायगाराचा धबधबा हींच वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आम्हांस मात्र त्या देशाच्या दक्षिणेंतील एक खेडें पाहावयाचें होतें. अलाबामा राज्यांतील या खेड्याचें नांव जीज बेंड. बेंड म्हणजे वळण. अलाबामा नदीनें येथें असा वेढा घातला आहे कीं गांवाच्या तिन्ही अंगांना पाणी. समोरच्या कॅमडेन गांवाहून आम्ही नावेंतून पैलतीरीं उतरलों.

या नावेचीही एक कथा आहे. येथील कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नोंद करण्यास कॅमडेनला जाऊं लागले, तेव्हां १९६२ सालीं नाव बंद करण्यांत आली. कांहीं मिनिटांच्या वाटेसाठीं सुमारें ४० मैलांचा वळसा पडूं लागला. ती पुन्हा सुरू व्हावयास २००६ साल उजाडावें लागलें!

१८१६ सालीं जोसेफ जी नांवाच्या गृहस्थानें येथें कापसाचा मळा वसविला. १८४५ त तो मार्क पेटवे याजकडे आला, आणि गुलामांनाही मालकाचेंच आडनांव चिकटलें. आजही गांवांत पदोपदीं पेटवेच भेटतात. गुलामगिरी गेली तरी वाट्यानें शेती करणाऱ्या या लोकांचें कर्ज गेलें नाहीं. उधारी देणारा व्यापारी वारल्यावर १९३२ सालीं त्याच्या घरच्यांनीं वसुलीसाठीं औतें, गुरें, सांठविलेला मका, सारें उचलून नेलें. तो हिंवाळा गांवानें कसा काढला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दुपारीं एका वृद्ध बाईंनीं आम्हांस जेवावयास बसविलें. बिडाच्या तव्यांत भाजलेली मक्याची जाड भाकरी, चवळीची उसळ आणि भेंडी! ही चवळी व भेंडी गुलामांच्या गलबतांच्या काळीं आफ्रिकेंतून तिकडे पोंचली. पालेभाजींत डुकराचें मांस घालण्याची तेथें रीत, म्हणून ती आम्हीं नम्रपणें नाकारली. पण बाईंनीं भाकरी ताकांत कुस्करून पुढें केली, तेव्हां आम्ही घटकाभर देशावरच्या एखाद्या ओसरीवर बसलों आहों, असाच भास झाला.

जेवणानंतर त्यांनीं पेटींतून गोधड्या काढल्या. पूर्वीं लांकडी भिंतींच्या फटींतून वारा आंत येई. तो अडविण्यास वर्तमानपत्रें चिकटवीत, आणि निजतांना अंगावर गोधड्यांचे थर घेत. कापड म्हणजे शेतांत झिजलेल्या विजारी, सदरे आणि पोतीं. ‘घराचें छप्पर’ नांवाच्या नमुन्यांत मधल्या चौकोनाभोंवतीं पट्ट्या वाढत जातात. पण रेषा मुद्दामच थोडी वांकडी. मोजपट्टीपेक्षां डोळ्यावर भरंवसा अधिक. याच गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत भिंतींवर टांगल्या गेल्या, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकल्या.

त्यांतील एकीची हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं. १९४२ सालीं मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. त्याचे कामाचे जुने कपडे उसवून तिनें मुलीच्या मदतीनें गोधडी शिवली. गुडघ्यांच्या ठिकाणीं न विटलेल्या निळ्या रंगाचे ठसे, ठिगळांच्या खुणा, सारें तसेंच ठेविलें. पतीची आठवण पांघरून निजावें, एवढाच तिचा हेतु.

हें ऐकतांना आमची मान खालीं गेली. गेलेल्या माणसाचे कपडे घरांत ठेवूं नयेत, अशी आपली समजूत. आमच्या मातोश्रींची गोधडी तर त्यांनीं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. आंत वडिलांच्या धोतरांचें अस्तर. त्यांच्या मागें वर्षभरांतच आम्हीं ती बोहारणीस दिली व बदल्यांत एक डबा घेतला. घासाघीस करून डबा मोठा मिळविल्याचा आनंदही त्या दिवशीं झाला होता!

डबा अजून फळीवर आहे. त्यांत आम्ही पोहे ठेवितों. परतल्यापासून झांकण उघडतांना प्रत्येक वेळीं नदीचें तें वळण आठवतें. वाचकहो, आपल्या घरीं अशी एखादी गोधडी उरली असेल, तर बोहारीण दारीं येण्यापूर्वीं ती एकवार उलगडून पाहा. कोणतें लुगडें कोणाचें, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर विचारून घ्या.