तारेतले रहिवासी

टॉर्चचं बटण दाबलं की उजेड तत्क्षणी पडतो, म्हणून तारेतून काहीतरी सुसाट धावत असणार असं आपण धरून चालतो. हिशेब वेगळंच सांगतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपियर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम चौदावा भाग पुढे सरकतात. मीटरभर जायला पावणेचार तास! तांब्यात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची दाटीच एवढी की घाई करायची गरज कुणालाच नाही. एका घन मिलिमीटरमध्ये ते 85 अब्ज अब्ज असतात. सगळे तसूभर सरकले तरी पुरतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत मागून रेटा आला की तो पार पुढे पोचतो, माणूस मात्र होता तिथेच असतो, तसं काहीसं.

घरातल्या लाईटचं तर आणखीच नवल. तिथे रेट्याची दिशा सेकंदाला 50 वेळा पुढे आणि 50 वेळा मागे होते. बिचारा इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही न जाता परत फिरतो. कोयनेचं पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चक्रं फिरवतं खरं, पण तिथला एकही इलेक्ट्रॉन आपल्या पंख्यापर्यंत येत नाही. यायचं म्हटलं तरी वाटेत डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे. तिच्या आत दोन वेगळी वेटोळी, मध्ये कागद आणि तेल. तांब्याला तांबं लागतच नाही. एका वेटोळ्याचं बदलतं चुंबकत्व दुसऱ्यात रेटा उत्पन्न करतं, हे फॅरेडेने 1831 मध्येच दाखवलं होतं. आपल्या भिंतीतले इलेक्ट्रॉन वायरच्या बंडलाबरोबर दुकानातून आले, ते इथलेच झाले.

मग बिल कशाचं भरतो? ऊर्जेचं. आणि ती तर तारेच्या आतूनही येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉइंटिंगने 1884 मध्ये गणिताने दाखवलं की ऊर्जा वाहते ती तारेभोवतीच्या मोकळ्या जागेतून. तार फक्त वाट दाखवते. हे समजून पुष्कळ दिवस झाले, तरी खांबांवरच्या तारा पाहताना अजून नजर आधी तारेवरच जाते.

शाळेच्या आकृतीतला प्रवाहाचा बाण मात्र धनाकडून ऋणाकडे जातो, इलेक्ट्रॉनांच्या नेमका उलटा. धन-ऋणाची वाटणी बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात केली आणि इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये. तोवर पुस्तकं छापून झाली होती. विद्यार्थी फ्रँकलिनला नावं ठेवतात, तसं करायचं कारण नाही; साधा टेस्टर पाहा. वायरमन टेस्टरचं टोक सॉकेटच्या भोकात घालतो, मागच्या धातूवर बोट टेकतो आणि आतला इवलासा निऑन नारिंगी पेटतो. तो किंचितसा प्रवाह वायरमनच्या अंगातूनच जातो; टेस्टरमधल्या जबर रोधामुळे त्याला जाणवत नाही, इतकंच. तारेत इलेक्ट्रॉन हलले, निऑनमध्ये वायूचे भारित कण हलले, आणि बोटात? तिथे हलतात ते रक्तामांसातल्या मिठाचे आयन. धन सोडियम एकीकडे, ऋण क्लोराइड त्याच क्षणी दुसरीकडे. आता बाण कुठल्या बाजूला काढायचा ते सांगा.