सैनिकाचा आंगठा

वाचकांस हें वाचून कदाचित् हंसूं येईल, कीं तीस वर्षें मुलांकडून रूपावली घोकवून घेणारा सासष्ट वर्षांचा हा मास्तर हल्लीं आपल्या खोलींत बसून एका खेळण्यांतील सैनिकासाठीं बंदूक ओतीत असतो. घरांतील मंडळींनीं प्रथम हा वार्धक्याचा एक चाळा म्हणून सोडून दिला. पुढें खोलींतून वास येऊं लागला, तेव्हां मात्र चर्चा सुरू झाली. म्हणून हा खुलासा.

मागच्या आश्विनांत माळा झाडतांना चिरंजीवांची शाळेंतील कंपासपेटी सांपडली. आंत रुमालांत गुंडाळलेला एक पावणेचार इंची सैनिक होता. पोटांतील रबराची कडी कुजल्यामुळें त्याचे कमरेंत दोन भाग झाले होते, उजव्या हाताचा आंगठा नव्हता, बंदूक नव्हती, पाठीवरची पिशवीहि नव्हती. नातवानें विचारलें, "ह्याचा आंगठा कुणीं मोडला?" चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. वहिनी मात्र निवडीत असलेल्या तांदळांवरून मान वर न करितां म्हणाल्या, "द्रोणाचार्यांनीं तरी तो मागून घेतला होता, भावजी."

गोष्ट १९९४ सालची. मुलगा दहा वर्षांचा. गणिताची वही कोरी आणि हा सैनिक उशीखालीं, असें पाहून मीं तो हिसकला आणि सज्जांतून खालच्या फरशीवर फेकला. आंगठा तेव्हांच गेला. शस्त्र व पिशवी बहुधा मोरींतून वाहून गेलीं असावीं. माझा हात त्याच्या परिचयाचा होताच. पहिलींत अक्षरें उलटीं काढी म्हणून त्यानें माझी पट्टीहि खाल्ली होती. त्या दिवशीं तो रडलासुद्धां नाहीं. मीहि पुन्हां विषय काढला नाहीं.

ह्या खेळण्यांचें कूळ अमेरिकेंतील. १९६४ सालीं हॅस्ब्रो कंपनीनें 'जी. आय. जो' नांवाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारांत आणला. मुलगे बाहुली घेऊन खेळावयाचे नाहींत, ह्या शंकेनें तिनें त्यास बाहुली न म्हणतां 'ॲक्शन फिगर' म्हटलें. नामकरणाचें माहात्म्य तें हेंच! १९८२ पासून त्याचे पावणेचार इंची वंशज निघाले, आणि पुढें गोव्यांत कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीनें ते आपल्याकडील मुलांच्या हातीं दिले. त्यांचे रंग अमेरिकन भावंडांहून पुष्कळदां निराळे असत, म्हणून तिकडील संग्राहक आज हे हिंदी सैनिक मुद्दाम शोधीत असतात. परंतु ज्या खेळण्याशीं मूल खरोखर खेळलें, त्याची बंदूक बहुधा हरवलेलीच असते. सैनिक मिळतो, शस्त्र मिळत नाहीं. म्हणून हौशी लोक असे सुटे भाग रेझिनमध्यें घरींच ओतून घेतात.

नमुन्यास अस्सल वस्तु लागते. ती चिरंजीवांच्या परिचयाच्या एका संग्राहक गृहस्थांनीं विश्वासानें दिली. ती मॉडेलिंगच्या मातींत निम्मी रोवावयाची, भोंवतीं भिंत उभारून वर पातळ सिलिकोन रबर ओतावयाचें. तें घट्ट झालें कीं उलटें करून माती काढावयाची, आणि व्हॅसलीनचा पातळ हात देऊन दुसरी बाजू ओतावयाची. हात न दिल्यास दोन्ही बाजू एकजीव होऊन वस्तु आंतच कोंडली जाते. पुढें सांच्यास एक तोंड व हवा जाण्यास बारीक वाटा कोरून, रेझिनचे दोन द्रव सम प्रमाणांत मिसळून लगोलग ओतावयाचे. लगोलग म्हणजे काय, हें मला पहिल्या दिवशीं पेल्यांतच दगड झाला तेव्हां समजलें.

त्यापूर्वीं सिलिकोन दोन दिवस चिकटच राहिलें होतें. दोष बाजारांतून आणलेल्या मातींतील गंधकाचा, असें मागाहून कळलें. आषाढांत तर रेझिन दमट हवेनें जिलबीच्या पिठासारखें फसफसलें. व्यवसायी लोक सांचा दाबाच्या भांड्यांत ठेवून बुडबुडे दाबून टाकतात. मी दांतकोरणीनें एकेक हुसकून लावीत असें. ह्या द्रवांच्या वाफा आणि घासतांना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक, म्हणून तोंडावर मुखवटा, हातांत मोजे, खिडक्या सताड उघड्या. सौभाग्यवतींनीं मला त्या वेषांत पाहून देव्हाऱ्याचें दार लावून घेतलें.

बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें 'मानसोल्लासां'त मेणाची मूर्ति मातीनें लिंपून, मेण वितळवून, पोकळींत धातु ओतण्याची रीत सांगितली आहे. तेथें सांचा फोडावा लागतो, म्हणून एका सांच्याची एकच मूर्ति. सिलिकोनचा सांचा लवचीक. तो वीस-पंचवीस प्रती देतो, आणि मोह उत्पन्न होतो तो येथेंच.

माझी सातवी प्रत चांगली उतरली. त्या गृहस्थांनीं ती हातांत घेऊन पाहिली आणि तशाच दहा मागितल्या. प्रतींवर खूण घालण्याचा माझा विचार ऐकून म्हणाले, "मास्तर, खूण घातली तर किंमत काय राहिली?" ह्या प्रश्नांतच त्याचें उत्तर होतें. १९७८ सालीं केनर कंपनीच्या 'स्टार वॉर्स' खेळण्यांत जावा नांवाच्या बुटक्यास आरंभीं प्लॅस्टिकचा झगा होता. तो लवकरच बदलून कापडाचा केला. पहिला दुर्मिळ म्हणून मोलाचा झाला, आणि मोलाचा झाला म्हणून त्याच मालिकेंतील दुसऱ्या पात्राचा झगा कापून तसा बनविणारेहि निघाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तींत, जेथें पाठाची पुरती खात्री नाहीं, तेथें संपादकांनीं अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली आहे. त्या विद्वानांस रेघेचा कमीपणा वाटला नाहीं. मला एका बंदुकीपायीं कां वाटावा? गृहस्थ नाराज झाले. त्यांची वस्तु जशीच्या तशी परत केली, तरी ओळख थंडावली ती थंडावलीच, ह्याचें मला वाईट वाटतें.

बिनखुणेच्या सातहि प्रती मीं मोडल्या. मग सांच्यांत बंदुकीच्या दस्त्याच्या जागीं एक टिंब कोरलें, आणि पिशवीच्या आंतल्या बाजूस, 'नवा' ह्या अर्थीं, 'न' कोरला. पुढची प्रत बाहेर आली आणि मी कपाळास हात लावला. सांच्यांत सुलट कोरलेलें अक्षर वस्तूवर उलटें उमटतें, हें जन्मभर अक्षरें गिरवून घेणाऱ्यास सुचूं नये! रबर महाग; दुसरा सांचा करण्याचें धाडस झालें नाहीं.

एका रविवारीं चिरंजीवांनीं सैनिकाच्या पोटांत नवी कडी घालून स्क्रू आंवळला, पिशवी उजेडांत धरून पाहिली आणि म्हणाले, "अप्पा, 'न' उलटा आहे."

"आहे खरा."

नातू धांवत जाऊन पट्टी घेऊन आला. मीं हात पुढें केला. चिरंजीव हंसले, आणि त्यांनीं हातावर तो सैनिक ठेवला. मला त्या वेळीं कांहींतरी बोलावयास हवें होतें. मी सैनिकाकडेच पाहत राहिलों.

आंगठा मात्र त्यांनीं चिकटवूं दिला नाहीं. "तो तसाच असूं द्या," एवढेंच म्हणाले. तांदळाच्या दाण्याएवढे पांच आंगठे माझ्या तपकिरीच्या डबींत पडून आहेत, आणि बंदूक सैनिकाच्या मनगटास वहिनींनीं दोऱ्यानें बांधून दिली आहे.