खोडरबर खिशात ठेव

पुणे, जुलै

प्रिय मेधा,



तुझं पत्र आल्यापासून मी मनाने तुमच्या इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावरच आहे. दगडांच्या कपारीत लपवलेला डबा, डब्यात वही आणि एक शिक्का. आपल्या वहीत तिथला शिक्का उमटवून घ्यायचा आणि तिथल्या वहीत आपला उमटवून पुढे चालू लागायचं. किती छान खेळ आहे गं हा! याची सुरुवात कुठे झाली ते मी लगेच वाचून काढलं. 1854 साली चॅगफर्डच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली. भोवतालच्या दलदलीतून तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं, एवढंच. वह्या आणि शिक्के नंतर आले. आता तुला तुझा स्वतःचा शिक्का हवाय, तोही विकतचा नाही तर हाताने कोरलेला, आणि त्याला काय काय सामान घेऊ असं तू मला विचारलंयस. म्हणजे तू माझ्या सगळ्यांत लाडक्या विषयाला हात घातलायस. पत्र लांबणार हे आताच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, यादी करून खरेदीला निघू नकोस. एक पांढरं खोडरबर खिशात ठेव आणि दुकानात जा. जे हत्यार आवडेल ते तिथल्या तिथे त्या रबरावर चालवून बघ. सरळ रेघ कुठलंही पातं काढतं, म्हणून वळणाची रेघ काढ. मग ती खाच उजेडात धरून बघ. कड तुकतुकीत दिसली तर धार चांगली. कडेला बारीक चुरा धरला असेल, रबर फाटल्यासारखं दिसत असेल, तर ते हत्यार ठेवून दे, मग त्यावर कुठल्याही देशाचं नाव छापलेलं असो. दुकानदाराला आधी विचारायचं, एवढंच. अप्पा बळवंत चौकातल्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत मी असंच करते. सुरुवातीला लोक बघत राहतात, नंतर तेच विचारतात, ‘काय बनवताय?’ आणि मग आतल्या खणातलं सामान बाहेर येतं.

आता रबराबद्दल. शाळेत आपण भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे काढायचो, त्याच्या पुढची पायरी म्हणजे खोडरबर. पण सगळी खोडरबरं चालत नाहीत. ज्याचं एक टोक लाल आणि एक निळं असतं ते घेऊच नकोस. शाई खोडायच्या त्या निळ्या बाजूत प्युमिस दगडाची पूड घातलेली असते आणि ती पात्याची धार बघता बघता खाऊन टाकते. जुन्या पद्धतीचं गुलाबी रबर ठिसूळ असतं, बारीक रेघ त्यात टिकत नाही. चालतं ते पांढरं, ‘नॉन-डस्ट’ म्हणून मिळणारं. ते खरं तर रबर नसतंच, मऊ केलेलं पीव्हीसी असतं. म्हणूनच ते दाणे न सुटता, एकसंध कापलं जातं. दाबून बघ. बोट रुतलं आणि लगेच परत वर आलं तर ते कोरायला उत्तम. बोटाची खूण तशीच राहिली तर फार मऊ, बारीक काम त्यात होणार नाही.

हे पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या प्लॅस्टिकला विरघळवतं. कंपासपेटीत पट्टीला चिकटून बसलेलं खोडरबर तू पाहिलंच असशील. म्हणून कोरलेले शिक्के प्लॅस्टिकच्या डब्यात नुसते टाकायचे नाहीत. प्रत्येकाला कागद गुंडाळायचा किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचे. तू ते सॅकमध्ये घालून पावसात हिंडणार, म्हणून मुद्दाम लिहिलं. आधी कागद, मग कापडी पिशवी, आणि वरून हवं तर प्लॅस्टिक.

मोठा शिक्का हवा असेल तर तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त सोय आहे. एस्डीचे सॉफ्टकट तुकडे तिकडे सहज मिळतील, आणि स्पीडबॉलचा गुलाबी रंगाचा स्पीडी-कार्व्हही. अस्सल लिनोलियम मात्र सुरुवातीला नको. जवसाचं तेल, बुचाचा चुरा आणि मागे तागाचं कापड अशी ती चीज सुंदरच असते, पण थंडीत कडक होते. ऊब देऊन कोरावी लागते, आणि छापताना शाईही रोलरने लावावी लागते. वहीत हाताने पटकन ठसा उमटवायला खोडरबरासारखं दुसरं काही नाही.

जपानमध्ये तर खोडरबराच्या शिक्क्यांची कला घरोघरी गेलेली आहे. नॅन्सी सेकी नावाची टीव्हीवर लिहिणारी एक स्तंभलेखिका होऊन गेली. ती आपल्या लेखाबरोबर त्या त्या माणसाचा चेहरा खोडरबरावर कोरून छापायची. 2002 साली, चाळिशीच्या आतच गेली बिचारी. तिचे ते चेहरे बघ. एवढ्याशा चौकोनात माणूस पकडायचा तर किती कमी रेघा पुरतात, ते तिच्याकडून शिकावं.

आता हत्यारं. दहा पात्यांचा संच घ्यायचा मोह होतो, पण त्यातली दोन-तीनच पाती कायम हातात राहतात. एक बारीक ‘व्ही’ आकाराचं, रेघांसाठी. एक रुंद ‘यू’ आकाराचं, भोवतालची मोकळी जागा काढायला. आणि एक टोकदार चाकू. स्पीडबॉलची पोकळ मूठ आणि तिच्या पोटात बसणारी पाती, हे सुरुवातीला पुरेसं आहे. पुढे हात बसला आणि चार पैसे बाजूला पडले की फाइल या स्विस कारखान्याचं एकच ‘व्ही’ घे. त्याची लाकडी मूठ तळहातात अशी बसते की दोन तास कोरलं तरी मनगट दुखत नाही.

चाकूसाठी मी सर्जिकल वस्तूंच्या दुकानात जाते. 11 नंबरचं ब्लेड आणि 3 नंबरची मूठ मागायची. ब्लेड एकेकटं पाकिटात येतं, स्वस्त असतं, आणि एवढं टोकदार पातं कलेच्या दुकानात क्वचितच मिळतं. पण ते कापायचं आहे, उचकटायचं नाही. आडवं वळवलं की टोक टिचतं आणि उडतं. बदलतानाही बोटांनी ओढू नकोस, चिमट्याने काढ.

नुसत्या चाकूनेही पूर्ण शिक्का कोरता येतो. रेघेच्या कडेने पातं बाहेरच्या बाजूला कलतं धरून एक काप द्यायचा, मग समोरून दुसरा कलता काप. दोन्ही काप तळाशी भेटले की मधली बारीक पट्टी आपोआप सुटून येते. उरलेली रेघ वर बारीक आणि बुडाशी रुंद राहिली पाहिजे. पातं आत वळलं आणि रेघेखालचं रबर खणलं गेलं, तर ती रेघ शाईच्या दाबाने वाकते आणि एक दिवस तुटते. आणि वळण आलं की हात फिरवायचा नाही, दुसऱ्या हाताने खोडरबर फिरवायचं. रबर धरणारी बोटं नेहमी पात्याच्या मागे.

माझ्याकडचं सगळ्यांत लाडकं हत्यार मात्र कुठल्याही दुकानातलं नाही, ते छत्रीच्या काडीचं आहे. पाऊस सुरू झाला की इथे फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करणारे बसतात, तुला आठवत असतील. त्यांच्याजवळ मोडक्या काड्यांचा ढीग असतो. जुन्या लांब दांड्याच्या काळ्या छत्रीची पोलादी काडी घडीच्या पत्र्यासारखी, आतून पोकळ नाळीची असते. म्हणजे ‘यू’ आकाराचं पातं आयतंच तयार. नव्या छत्र्यांच्या काड्या बऱ्याचदा अल्युमिनियमच्या नाहीतर फायबरच्या असतात, त्यांना धार धरत नाही. म्हणून जाताना लोहचुंबक घेऊन जाते. चिकटली तर घ्यायची. बोटभर लांबीचा तुकडा कापून घ्यायचा, टोक बारीक कानशीने बाहेरच्या बाजूने तिरकं घासायचं, आतल्या बाजूला वळलेली धातूची कड गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने साफ करायची, आणि दुसरं टोक लाकडी मुठीत ठोकून बसवायचं. अशी मूठ बोहरी आळीत कानशीसाठी म्हणून सुटी मिळते. या पात्याने काढलेली खाच इतकी गोल आणि स्वच्छ येते की पानांच्या शिरा कोरताना मी दुसरं काही हातात घेत नाही. तुझ्याकडे वाऱ्याने मोडलेल्या छत्र्यांना तोटा नसणारच.

बारीक ठिपक्यांसाठी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक वापर. छर्रा काढून टाकला की ती एक छोटी गोल नळी उरते. रबरात टोचून फिरवली की नेमका वर्तुळाकार काप पडतो. सोनारांची कोरायची कलमंही मी आणून बघितली आहेत. ती भरीव असतात, धातूत सुरेख चालतात, मऊ रबर मात्र ओरबाडतात. त्यांच्यावर खर्च करू नकोस.

धार जाईपर्यंत थांबू नकोस. काम सुरू करायच्या आधी 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-चार हलके हात आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर, एवढं पुरतं. जुना पट्टा लाकडाच्या तुकड्यावर चिकटवलेला असला की झालं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की पातं सटकतं. हात कापण्याचं कारण बहुतेक वेळा धार नसणं हेच असतं.

आता तुझा शिक्का. तू लिहिलंयस की त्यावर देवनागरीत नाव हवं. मला फार आनंद झाला. ट्रेसिंग पेपरवर 6बी पेन्सिलीने नाव सरळ लिही, कागद उलटा करून रबरावर ठेव आणि पाठीमागून चमच्याने घास. अक्षरं आपोआप उलटी उतरतात आणि छापल्यावर सुलटी येतात. पण तुझ्या नावात एक अडचणीची जागा आहे. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक फक्त शिरोरेघेतल्या खंडाचा. शिक्का दोन सेंटिमीटरचा केलास तर तो खंड एक मिलिमीटरचाही राहत नाही. त्यात शाई साठली की वहीत ‘मेघा’ उमटणार. म्हणून तो खंड हवा त्यापेक्षा रुंद आणि खोल काढ, ‘ध’चं वरचं वळण थोडं डावीकडे ओढून घे, आणि शिरोरेघ जाड ठेव. बारीक शिरोरेघ सगळ्यांत आधी तुटते, कारण ठसा उमटवताना वरच्या कडेवर जोर जास्त पडतो. ‘म’ची गाठ मात्र कोरायची नाही, भरीवच ठेवायची. छापल्यावर ती चांगली दिसते.

मुठीसाठी सुताराकडचा लाकडाचा तुकडा पुरतो. पांढरा फेविकॉल पीव्हीसीला नीट धरत नाही, रबराला चालणारा चिकटा घ्यावा लागतो. खरं तर एवढ्याशा शिक्क्याला मूठ नसलेलीच बरी. नुसतं रबर हातात धरून कागदावर टेकवलं की कुठे किती दाब पडतोय ते बोटांना कळतं. तरी हौस असेल तर आपल्याकडच्या शिक्के बनवणाऱ्यांकडे जुन्या लाकडी मुठी पडलेल्या असतात. पूर्वी ते छपाईचे खिळे जुळवून त्यांचा साचा काढत, त्यात कच्चं रबर घालून उष्णतेने दाबत आणि मग ते या मुठीवर चिकटवत. आता बहुतेकांकडे फ्लॅश मशीन आलंय आणि मुठी कोपऱ्यात धूळ खातायत. मागितल्या तर आनंदाने देतात. तुझ्यासाठी शिसवीची एक निवडून ठेवली आहे.

शाईबद्दल थोडक्यात. कचेरीतल्या स्टँप पॅडची जांभळी शाई तुझ्या कामाची नाही. ती पॅडमध्ये वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन असतं, त्यामुळे कागदावर पसरते, आणि पाण्याचा थेंब पडला की अक्षरं वाहून जातात. तुमच्याकडच्या हवेत पिगमेंट शाईचं पॅड घे. जपानी व्हर्साफाइन बारीक रेघांना उत्तम आहे. वाळायला जरा वेळ लागतो, म्हणून वही मिटायच्या आधी मध्ये टिपकागद ठेवायचा. पॅडवर शिक्का आपटू नकोस. शिक्का उताणा धर आणि पॅडच त्यावर हलके हलके टेकव. म्हणजे शाई फक्त वरच्या रेघांना लागते, खाचेत उतरत नाही. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घे. रॉकेल, टर्पेंटाइन वगैरे जवळही नेऊ नकोस.

कागद गुळगुळीत हवा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा खरबरीत कागद मला जिवापाड आवडतो, पण त्यावर जाड रेघाच शोभतात. तुझ्या नावासाठी साधी, न चमकणाऱ्या कागदाची वही बरी.

डिसेंबरात तू येतेच आहेस, तर येताना सॉफ्टकटचे दोन मोठे तुकडे घेऊन ये. पुस्तकाएवढे मिळाले तर फारच छान, सॅकमध्ये सपाट ठेवलेस की वाकत नाहीत. मी इकडे छत्रीच्या काड्यांची तीन-चार पाती घासून ठेवते. पाती विमानात सामानाच्या बॅगेतच टाकावी लागतील, हातातल्या नाही, तेवढं लक्षात असू दे. तोवर पहिला प्रयत्न खोडरबरावर कर आणि त्याचा ठसा पत्राच्या कागदावर उमटवून पाठव. कसाही आला तरी पाठव. ‘ध’चा खंड नीट सुटलाय का ते मला ठशावरून लगेच कळेल, आणि पात्याला धार कमी पडतेय की हात जड पडतोय तेही सांगता येईल.

तुझी,
वसू