येडशीचा मुक्काम

प्रवासवर्णनांत देवळे असतात, डोंगर असतात, किल्ले असतात. परंतु लेखक रात्री कोठे निजला, हे बहुधा नसते. जणू प्रवासी दिवसा तेवढा जिवंत असतो आणि दिवेलागणीनंतर त्याचे अस्तित्वच संपते! वास्तविक परगावची ओळख तेथील देवळांवरून पटते, तितकीच ती त्या गावाने परक्या माणसास दिलेल्या खाटेवरूनही पटत असते. आपल्याकडे या विषयाची उपेक्षा होण्यास एक सबळ कारण आहे. आपण परगावी मुक्कामाची जागा शोधीत नाही, नातेवाईक शोधतो. प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास आपण "काय पाहिले?" असे मागाहून विचारतो; आधी विचारतो ते "कोणाकडे उतरला होता?" हे. त्यावर "लॉजमध्ये" असे उत्तर मिळाले, की विचारणाराच्या मुद्रेवर दया आणि संशय यांचे मोठे चमत्कारिक मिश्रण उमटते.

गेल्या हिवाळ्यात धाराशिवास आमचे दोन दिवसांचे काम निघाले. तेथे आमच्या ओळखीची दोन घरे आहेत. दोन्ही घरांतील मंडळी अत्यंत सज्जन. आणि नेमकी हीच अडचण होती. एकाकडे उतरावे, तर दुसऱ्याचा रुसवा ठरलेला. तेव्हा दोघांचाही स्नेह सुरक्षित राहावा म्हणून आम्ही धाराशिव सोडून, अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या येडशीस एका लॉजात दोन रात्री काढल्या.

येडशी हे कोणी मुद्दाम पाहावयास जावे असे गाव नव्हे. सोलापुराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा हमरस्ता आणि बार्शीहून लातुराकडे जाणारा रस्ता यांची येथे गाठ पडते, आणि या गाठीवर गाव बसले आहे. सकाळी सातच्या सुमारास फाट्यावर उभे राहिले, म्हणजे कचेरीत जाणारे कारकून, शाळेवर निघालेल्या शिक्षिका आणि कॉलेजातील मुले एस. टी. ची वाट पाहताना दिसतात. सायंकाळी तीच माणसे हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन परततात. मधल्या वेळी गावात एक प्रकारची सुस्त शांतता असते. मोठ्या रस्त्यावरून ट्रक धावत असतात, पण ते येडशीचे नसतात.

हे येणे-जाणे येथे नवे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियराच्या खटपटीने १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पूर्वेकडे सरकत सरकत १९११ साली लातुरास पोहोचली, आणि वाटेत येडशीस स्टेशन लाभले. बार्शी त्या वेळी इंग्रजांच्या मुलखात आणि धाराशिवचा प्रदेश निजामाच्या राज्यात; म्हणजे ही चिमुकली आगगाडी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात जात असे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९५४ साली ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली, आणि २००८ साली येथे रुंद रूळ आले. सरहद्द गेली, छोटी गाडी गेली; वाटसरू मात्र राहिले.

आमचे लॉज म्हणजे खाली खानावळ आणि वर आठ खोल्या. "कुठनं आलाव, सर?" असे व्यवस्थापकाने विचारले, आधार कार्ड पाहून नोंदवहीत चार रकाने भरले, आणि लाकडी पट्टीस बांधलेली किल्ली पुढे केली. खोलीत एक पलंग, एक प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीवर गतवर्षाचे कॅलेंडर आणि न्हाणीघरात एक निळी बादली. पंख्यास दोनच वेग होते : एक शून्य आणि दुसरा वादळ. चादर जुनी होती, परंतु उन्हात वाळल्याचा वास तिला येत होता. आणि ज्या चादरीस हा वास येतो, तिच्याविषयी अधिक चौकशी करू नये, असे आमचे मत आहे. रात्री खाली ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगांची चटणी आणि फोडलेला कांदा. "आनखी एक घ्या की, मामा," असे म्हणत वाढपी भाकरी टाकून पुढे जाई. उत्तराची वाट पाहण्याची पद्धत तेथे नव्हती.

नातेवाइकाच्या घरी यापेक्षा पुष्कळ चांगले जेवण मिळाले असते, यात शंका नाही. परंतु त्या जेवणाबरोबर अमक्याच्या मुलीचे लग्न का मोडले, आपल्या चिरंजीवांस पगार किती, आणि तुम्ही हल्ली फार वाळलेले का दिसता, या विषयांचाही समाचार घ्यावा लागतो. पाहुण्याने कितीही दमलेला असला तरी लवकर निजू नये आणि कितीही झोप येत असली तरी उशिरा उठू नये, असा आपला शिष्टाचार आहे. लॉजात हा भार उतरतो. दार लावून घेतले, की मनुष्य कोणाचा मामा नसतो, कोणाचा व्याही नसतो, कोणाचा गुरुजीही नसतो. हॅझ्लिट या इंग्रज निबंधकाराने १८२२ साली प्रवासावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पांथशाळेत मनुष्यास अनामिक होता येते, आपले नाव आणि लौकिक दारात ठेवून निव्वळ संध्याकाळच्या जेवणाचा धनी होता येते, या सुखाचे त्याने मोठे रसाळ वर्णन केले आहे. महाविद्यालयात असताना आम्ही तो निबंध वाचला आणि पुढे तो अनेक वर्षे शिकविलाही. येडशीच्या त्या खोलीत खुर्ची खिडकीपाशी ओढून बसलो असता तो आम्हांस पुन्हा आठवला. आणि या वेळी त्यात एक उणीव जाणवली.

ती उणीव स्पष्ट करण्यापूर्वी येडशीच्या दोन पाहुण्यांची हकीकत सांगणे अवश्य आहे. गावाजवळ बालाघाटाच्या दरीत रामलिंगाचे देवस्थान आहे. झाडी दाट, वानरे पुष्कळ, आणि श्रावणात यात्रेकरूंची दाटी. सीतेस नेणाऱ्या रावणाशी झुंजून जटायू येथे पडला, आणि त्याची तहान भागविण्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी स्थानिक कथा आहे. जटायूची समाधीही येथे दाखवितात. कथेचा पुरावा मागण्याचे प्रयोजन नाही. एका पक्ष्याचे अंत्यसंस्कार रामाने पुत्राच्या नात्याने केले, ही गोष्ट येथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात, एवढे आमच्या विषयास पुरे आहे.

दुसरा पाहुणा अगदी अलीकडचा. देवस्थानाभोवतीचे सुमारे २२ चौरस किलोमीटरांचे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात २०२४ च्या डिसेंबरात एक तरुण वाघ कॅमेऱ्यात सापडला. अंगावरील पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे शेकडो किलोमीटर शेते, रस्ते आणि नद्या ओलांडून हे महाशय एकटेच येथवर आले होते. पुढील वर्षी त्यांस पकडून सह्याद्रीच्या व्याघ्र प्रकल्पात पोहोचविण्याचे प्रयत्न झाले, परंतु त्यांनी पथकांस चांगलेच झुलविले. ज्यांची गुरे गेली, त्यांस हा विनोदाचा विषय नव्हता. तथापि फाट्यावरील चहाच्या टपरीवर आम्ही जे ऐकले, त्यात भीतीबरोबर थोडे कौतुकही होते : "एवढ्या लांबून आलाय, साहेब!" वाघाच्या नावाची नोंद त्याच्या कातडीवरच असते आणि ती त्यास पुसता येत नाही, हा विचार त्या वेळी आमच्या मनात आला, आणि तोच आम्हांस पुन्हा हॅझ्लिटकडे घेऊन गेला.

कारण हॅझ्लिटने नाव दारात ठेवले, ते हौसेने. आपल्या देशात नाव हे दारातच तपासून पाहण्याची वस्तू होती. लीळाचरित्रात मुक्कामाच्या जागेस 'बिढार' म्हटले आहे. आपले बिऱ्हाड हे त्याचेच वंशज. शब्द जुना आहे, पण बिढार कोणास मिळावे, हे ठरविणारी व्यवस्था त्याहूनही जुनी. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेस गेले. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना ध्यानात येते, की ऐन बंडाच्या धामधुमीत आणि झाशीसारख्या दूरच्या शहरातही त्यांस आसरा मिळाला, तो ब्राह्मण भिक्षुक म्हणून. त्यांचे नाव हीच त्यांची किल्ली होती. ज्यांच्या नावास कोणतेच कुलूप उघडत नसे, त्यांनी प्रवासवर्णने लिहिली नाहीत. पण एकाने लिहिले आहे.

डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा कोलंबियाचा आणि लंडनचा विद्याभ्यास त्यांच्या गाठीशी होता. परंतु त्या शहरात त्यांस खोली मिळेना. शेवटी पारशांच्या एका पांथशाळेत ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव जिन्यावर चढून आला, आणि त्यांस ती जागा सोडावी लागली. पर्यायी आसरा न मिळाल्यामुळे गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. हॅझ्लिटचे अनामिकपण आणि हे अनामिकपण यांत केवढे अंतर! एकास नाव विसरण्याची चैन होती; दुसऱ्यास नाव लपविण्यावाचून गती नव्हती. पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत हेच डॉ. आंबेडकर येडशीपासून जवळच असलेल्या कसबे तडवळ्यास परिषदेसाठी आले होते. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या याच परिसरात तेव्हा हजारो माणसे जमली होती. आणि १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, असे वाक्य आले. पांथशाळेसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीस घटनेत जागा का मिळाली, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने बडोद्याची ती हकीकत वाचावी.

येडशीतील दुसऱ्या रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर दोघेजण जेवावयास बसले होते. एक बियाण्यांचा फिरता विक्रेता, वयाने आमच्याएवढा. दुसरा पवनचक्क्यांच्या कामावर आलेला पंचविशीतील तरुण. विक्रेता मनुष्य बोलका आणि मनाने वाईट नव्हता. त्याने तरुणास गाव विचारले, शिक्षण विचारले, आणि मग "पाहुणे, नाव काय म्हणालाव?" असे विचारले. तरुणाने आपले आणि वडिलांचे नाव सांगितले. "ते झालं हो, पण आडनाव?" तरुणाने भाकरी मोडली आणि पुन्हा तीच दोन नावे सांगितली. या प्रश्नाचा अर्थ मराठी मनुष्यास शब्दकोश न पाहता कळतो. तिसऱ्यांदा प्रश्न येणार, इतक्यात वाढप्याबरोबर आमटीचे भांडे घेऊन आलेला व्यवस्थापक म्हणाला, "तीन नंबरचे आहेत ते. घ्या, आमटी गरम हाय." विक्रेता हसला, आमटी वाढून घेतली, आणि बोलणे पावसाकडे वळले.

त्या तरुणाचे पूर्ण नाव व्यवस्थापकास ठाऊक होते. नोंदवहीत त्यानेच ते लिहिले होते. सरकारास ते हवे म्हणून त्याने ते घेतले, आणि टेबलावर ते लागत नाही म्हणून तेथे ते येऊ दिले नाही. हा विवेक त्यास कोणी शिकविला असेल, असे आम्हांस वाटत नाही. आठ खोल्यांच्या धंद्यात रोज नवी माणसे येतात आणि पैसे देऊन जातात. त्यांच्या कुळाचा विचार करीत बसणे परवडत नाही, इतकेच त्याचे गणित असेल. असे असेल तरी आमची तक्रार नाही. धर्मशाळा बांधणारांचे हेतू उदात्त होते, तरी त्यांतल्या कित्येकांच्या दारावर कोणत्या जातीस प्रवेश आहे, हे लिहिलेले असे. हेतू साधा आणि दार उघडे, हा सौदा आम्हांस अधिक पसंत आहे.

सर्वच दारे अशी उघडी झाली आहेत, असे मात्र नव्हे. एकट्या स्त्रीस खोली देताना अनेक लॉजांचे चालक आजही अडखळतात. मोठ्या शहरांत भाड्याचे घर पाहणाऱ्या कुटुंबास आडनाव आणि धर्म सांगितल्यावर 'घर नुकतेच दिले गेले' असे ऐकावे लागते, आणि ते सांगणारी माणसे बहुधा आपल्यासारखीच सुशिक्षित असतात. घटनेचे वाक्य हॉटेलाच्या दारापर्यंत पोहोचले; जेवणाच्या टेबलावर काय विचारावे, हे त्यास ठरविता येत नाही. ते काम शेवटी भाकरी वाढणाराकडे आणि शेजारी बसलेल्यांकडेच राहते.

पाहुणचाराविषयी आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु ओळखीच्या पाहुण्यास पुरणपोळी वाढणे हे नात्याचे काम आहे. त्यात गावाची परीक्षा होत नाही. जो आपला कोणी नाही, ज्याच्याकडे परत कधी जावयाचे नाही, आणि ज्याचे आडनाव आपण विचारलेले नाही, त्यास स्वच्छ चादर आणि गरम आमटी मिळते की नाही, एवढेच पाहावे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ली परत केली. नोंदवहीत निघण्याची वेळ लिहून व्यवस्थापकाने ती मिटली, आणि आम्ही फाट्यावर कारकून, शिक्षिका व कॉलेजच्या मुलांच्या गर्दीत एस. टी. साठी उभे राहिलो.