येलहंक्यातील रात्रीचे छायाचित्रण

रात्रीचे चांगले छायाचित्र बहुधा पूर्ण अंधार पडण्याआधीच टिपलेले असते. सूर्य मावळला की आकाश हळूहळू गडद निळे होत जाते आणि काही मिनिटे त्याचा उजेड व रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो. पुढे आकाश काळे पडते, दिवे मात्र तसेच प्रखर राहतात आणि एकाच चौकटीत दोन्ही सांभाळणे कठीण होते. येलहंका विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि क्षितिजाखाली सहा अंश जायला त्याला वीस-बावीस मिनिटे पुरतात; लंडनला जून महिन्यात याच्या दुपटीहून अधिक वेळ मिळतो. त्यामुळे येलहंका तलावाच्या काठी सूर्यास्ताच्या बरेच आधी पोचावे, चौकट ठरवावी, लांबच्या इमारतीवर फोकस करून ऑटोफोकस बंद करावा आणि मग वाट पाहावी. ट्रायपॉडवर कॅमेरा असताना स्टॅबिलायझेशनही बंद ठेवणे बरे.

तलावाचे दृश्य एक्स्पोजर किती लांब ठेवले यावर पूर्ण बदलते. पाव सेकंदात लाटांवरचा उजेड तुकड्या-तुकड्यांनी येतो. वीस-तीस सेकंदांत पाणी गुळगुळीत होते, पलीकडच्या काठावरच्या दिव्यांचे रंगीत पट्टे खाली लांबतात आणि मधून पोहत गेलेल्या पाणकावळ्याचा मागमूसही उरत नाही. मला दुसरा प्रकार आवडतो, पण वारा नसेल तर पहिल्यातले प्रतिबिंबही देखणे येते. अंधारात चाचणीसाठी प्रत्येक वेळी मिनिटभर थांबण्याची गरज नाही. आयएसओ १६०० वर ४ सेकंदांत उजेड बरोबर आला, तर तेच अ‍ॅपर्चर ठेवून आयएसओ १०० वर १६ पट, म्हणजे ६४ सेकंद द्यायचे. अशा वेळी बल्ब मोड आणि केबल रिलीज लागते.

रंगांचा प्रश्न वेगळाच आहे. एका बाजूला जुने पिवळट सोडियम दिवे, दुसऱ्या बाजूला पांढरे एलईडी. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फ्रेमला निराळा निर्णय घेतो, म्हणून तो ३२०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान कायम करून रॉ फाइल घेणे उत्तम.

सर्वांत समृद्ध विषय म्हणजे विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता, अर्थात राष्ट्रीय महामार्ग ४४. देवनहळ्ळीजवळचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला. त्याची वर्दळ रात्रीही थांबत नाही. पादचारी पुलावरून उत्तरेकडे पाहिले की डावीकडे विमानतळाला निघालेल्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा आणि उजवीकडे शहरात येणाऱ्यांच्या पांढऱ्या रेघा मिळतात. बस गेली की तिच्या वरच्या दिव्यांची रेघ इतरांपेक्षा उंचावरून जाते आणि चित्राला खोली येते. एफ/११ वा एफ/१६ ला रस्त्यावरचे दिवे ताऱ्यांसारखे फाकतात. अ‍ॅपर्चरची पाती सात असतील तर किरण चौदा, आठ असतील तर आठच. अडचण असते ती पुलाची. कोणी चालत गेले की पूल थरथरतो आणि रेघा फाटतात. यावर काळ्या पुठ्ठ्याचा जुना उपाय आजही सर्वांत चांगला: शटर उघडेच ठेवायचे, पावले ऐकू आली की भिंगाला न लावता पुठ्ठा समोर धरायचा, कंप थांबला की काढायचा. रस्ता रिकामा असतानाही हेच करावे, म्हणजे पथदिवे विनाकारण जळत नाहीत.

आकाशासाठी येलहंका फार सोयीचे नाही. शहराचा उजेड सगळीकडे पसरलेला असतो. तरी ध्रुवतारा इथे उत्तरेच्या क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असल्याने एखादे झाड किंवा पाण्याची टाकी आणि ताऱ्यांची वर्तुळे एकाच चौकटीत बसतात. तारे तासाला १५ अंश सरकतात. तासाभराचे एकच एक्स्पोजर घेतले तर आकाश पांढरे पडते, म्हणून तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम सलग घेऊन संगणकावर जोडाव्यात. विमानांच्या ठिपकेदार रेघा त्यात येणारच. त्या पुसू नयेत, हे माझे ठाम मत, कारण या आकाशाची खरी ओळख तीच आहे. समोरच्या झाडावर टॉर्चचा उजेड टाकायचा असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूला सरकून, टॉर्च सतत हलवत टाकावा. कॅमेऱ्याजवळून टाकलेला उजेड झाड सपाट करतो.

येलहंक्यात हवाई दलाचा तळ आहे. त्याच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवू नये, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये आणि कोणी चौकशी केली तर काढलेली छायाचित्रे मोकळेपणाने दाखवावीत.